गोड पाण्यात मीठ

आमच्या भागात पाण्याच्या दोनच जाती. पिण्याचं ते गोडं, बाकीचं सगळं खारं. खारं म्हणजे समुद्राचं नव्हे. समुद्र आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नाही. खारं म्हणजे बोरचं, मचूळ, ज्यात डाळ शिजत नाही आणि ज्यानं तांब्याच्या आत पांढरा थर धरतो. केजहून नांदूरघाटकडं जाताना आडवाटेला आमचं गाव आहे. तिथं पाहुण्याच्या हातात पाणी देताना आजही आधी सांगतात, गोडं हाय, प्या. पुढं जे झालं ते या एका शब्दावर झालं, म्हणून तो आधी सांगून ठेवला.

गावात आमची पाणी सोसायटी होती. बोरचं खारं पाणी यंत्रातून काढून गोडं करून द्यायचं, सभासदांनी कार्ड दाखवून जार न्यायचा. गाव त्या यंत्राला नुसतं ‘फिल्टर’ म्हणतं. अध्यक्ष माझा बालमित्र, सचिव मी. आम्ही दोघांनी घरोघर जाऊन लोकांना सभासद केलं होतं. मी कागद करायचा, त्यानं बोलायचं, अशी वाटणी शाळेपासून होती. त्याच्या आईच्या हातचं मी इतकं खाल्लं आहे की मला सख्खा भाऊ नाही याची उणीव कधी वाटली नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी आणि बायको काही दिवस पुण्याला लेकीकडं राहायला गेलो होतो. तिच्या घराजवळच्या एका दुकानात मी पहिल्यांदा खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी पाहिली. आत दगड, दगडांवर प्रवाळ, आणि ते प्रवाळ वाऱ्यावरच्या ज्वारीसारखं डोलत होतं. आमच्या डोळ्यांना ओल्या रंगाची सवय नाही. मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभा राहू लागलो. शेवटी दुकानदारच म्हणाला, काका, घेऊन का जात नाही?

बायकोला भीती पाण्याचीच होती. त्या वर्षीही पाऊस ओढला होता. मी तिला सांगितलं, हे खाऱ्या पाण्यातले मासे आहेत. तिनं लगेच मान्य केलं. “मग काय, आपल्या बोरला तेवढंच हाय. कुणाच्या तोंडचं तरी जात न्हाई,” ती म्हणाली. तेव्हा माझीही समजूत तीच होती. दुकानदार शुद्ध पाणी, शुद्ध पाणी म्हणत होता, ते मी गाळलेलं पाणी असं ऐकलं.

गावातल्या वेल्डरकडून टाकीखाली ठेवायला लोखंडी घोडा करून घेतला. काच पुण्याहून गोधड्यांत गुंडाळून आणली. वाळू पसरली, पांढरे सच्छिद्र दगड रचले, बोरचं पाणी पिंपात घेऊन त्यात समुद्री मीठ कालवलं आणि टाकी भरली. मासे लगेच सोडायचे नसतात. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढेपर्यंत आठवडे थांबावं लागतं. तोवर लोक येत आणि उजेडात ठेवलेल्या दगडांकडं बघत बसत. “दगड पाळलेत व्हय? खातेत काय?” असं विचारून जात. माझा मित्र मात्र रोज येई, खुर्ची ओढून बसे आणि त्या रिकाम्या पाण्याकडं माझ्याइतकाच बघे.

थोड्याच दिवसांत दगडांवर तपकिरी शेवाळ चढलं, मग काचेवर, मग वाळूवर. दुकानदाराला फोन केला तर तो हसायलाच लागला. म्हणाला, काका, तुमचं बोरचं खारं म्हणजे समुद्र नव्हे. पाणी आधी अगदी कोरं, गोड हवं, मीठ आपण घालायचं. आणि एकदा भरून भागत नाही. रोज जेवढं पाणी उडेल तेवढं गोडंच घालायचं, कारण मीठ उडत नाही, पाणीच उडतं.

मी फोन ठेवला. फिल्टरच्या बोरचं पाणी तोपर्यंत खाली गेलं होतं आणि घरटी रोज एक जार असा नियम आम्ही केला होता. नियमाची भाषा माझी होती, सभेत वाचला होता त्यानं. टाकी विकून टाकावी असं मी त्याला म्हणालो. खरंच म्हणालो होतो. तो म्हणाला, “सोसायटी उभी कुणी केली? आपुनच ना? मंग दोन जारानं काय बुडती का?” आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीत कुत्रंही नसताना, तो मोटारसायकलवर जार आणून मागच्या दारी उतरवून गेला.

त्यानंतर हे रोजचं झालं. त्या वेळेला माझी बायको फिल्टरवर आमच्या कार्डाचा जार घ्यायला रांगेत उभी असे. ती यायच्या आत मी मित्राचे जार पिंपात ओतून झाकण लावी. तिला मी काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत तो उन्हाळा गेला.

जुनं पाणी काढून, गोड्या पाण्यात मीठ कालवून टाकी मात्र पुन्हा भरली. तपकिरी शेवाळ गेलं, दगड जांभळे झाले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी बसमधून थर्मोकोलच्या खोक्यात आली. प्रवाळाचे तुकडे चिकटवले, ते पहिल्यांदा उमलले तेव्हा मित्रानं मला हाक मारली, मी त्याला नाही. वीज गेली की तो घरून बॅटरी घेऊन येई. पाणी तापलं की वरून पंखा लावावा लागे. पंख्यानं पाणी गार राही पण दुप्पट उडे, आणि जार आणखी लागे. टाकी घरातल्या जास्तीच्या माणसासारखी पीत होती.

पुढच्या वर्षी पाऊस आणखी कमी झाला. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली. विरोधी पॅनेलनं गावात बोलायला सुरुवात केली की यंत्र चालतं तेवढे जार वाटले जात नाहीत, काही जार वाटेत जिरतात. माझ्या मित्रानं त्याबद्दल मला एक शब्द विचारला नाही. त्या आठवड्यात तो माझ्याकडं आलाही नाही. मला वाटलं, प्रचारात असेल.

वार्षिक सभा मारुतीच्या सभामंडपात होती. जारांचा प्रश्न निघाला. तो उठला, नेहमीसारखा उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, “जार कमी कावून पडतेत ते सचिवाला इचारा. त्यांच्या मास्यांला फिल्टरचं पाणी लागतं. बाया रांगेत, आन् मासे गाद्यावर.”

लोक हसले. मी त्याच्याकडं पाहत राहिलो. तो माझ्याकडं पाहत नव्हता. ज्या हातानं त्यानं जार माझ्या मागच्या दारी उतरवले तोच हात माझ्याकडं करून तो मला सभेला दाखवत होता. मला घरी येऊन सांगितलं असतं, की अडचण आली आहे, नाव तू घे, तर मी घेतलं असतं. आजही मला तसंच वाटतं. पण त्यानं मला न सांगता विकलं, आणि तेही विनोद करून. मला उभं राहता येईना.

उभी राहिली माझी बायको. आमच्या सभेत बायका सहसा बोलत नाहीत. ती म्हणाली, “भावजी, आमी बोरचं खारं वापरतो. सगळ्या बायांला मी हेच सांगितलंय. खोटं वाटत आसंल तर या घरी. चाखून बघा.”

सभा तशीच उठून आमच्या घरी आली. ओसरीत मावेनात. टाकीवरचं झाकण काढून एका म्हातारबुवांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. हे तर आपल्या बोरच्याही वर हाय, असं त्यांनी जाहीर केलं. मग एकेक जण चाखू लागला आणि तोंड वाकडं करून बाजूला होऊ लागला. कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष, तुमीबी घ्या की घोट.

तो पुढं आला, त्यानं चाखलं. मग तो मोठ्यानं म्हणाला, “आरं, मीठ टाकलंय त्यात. पाणी फिल्टरचंच हाय, वरून मीठ टाकतेत.”

मागून उत्तर आलं, “गोडं पाणी आणून त्यात मीठ कोण टाकील बे? येडं लागलंय का?”

घर हसण्यानं भरलं. तो बोलत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं. दुष्काळात, रांगेत उभं राहून मिळवलेल्या गोड पाण्यात माणूस आपल्या हातानं मीठ घालतो, हे आमच्या गावात कुणाच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. आता त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला एवढंच हवं होतं की मी हो म्हणावं. आणि त्याच्याकडं एकच पुरावा उरला होता, की जार तो स्वतःच आणून देत होता. हा पुरावा त्याला देता येत नव्हता. मी टाकीचं झाकण लावलं आणि लोकांना चहाचं विचारलं.

सगळे गेल्यावर बायकोनं स्वतः बोट बुडवून चाखलं. इतके दिवस तिनं कधी चाखलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. बराच वेळ ती जिभेवर चव घोळवत उभी राहिली.

“बोरचं मचूळ आसतं,” ती म्हणाली. “हे नुसतं मिठाचं हाय.”

चारचौघांत दिलेला शब्द तिनं मागं घेतला नाही आणि मला कधी टोचलंही नाही. फक्त त्या दिवसापासून फिल्टरवर जाणं तिनं बंद केलं. जार मी आणू लागलो. बायकांच्या रांगेत मी एकटा पुरुष.

मित्र निवडणूक हरला. पण हरणं वेगळं, आणि शब्द जाणं वेगळं. त्यानंतर त्यानं चावडीवर, लग्नात, कुठंही काही सांगितलं, की कुणीतरी म्हणे, चाखून बघावं का? बाजारभाव सांगितला तरी तेच, कुणाची सोयरीक सांगितली तरी तेच. आधी तोही हसायचा. मग बोलणं कमी केलं. मग परळीला मुलाकडं राहायला गेला. बोलणं हीच ज्याची कमाई, त्या माणसाचं बोलणं गेलं. मी हे सगळं पाहिलं आणि मनात म्हणालो, आधी त्यानं मला विकलं. ही गोष्ट मी इतकी वर्षं अशीच सांगत आलो. खोटी नाही, पण अर्धी.

टाकीला जार मिळेनासे झाले. पाणी उडत गेलं, मीठ मागं राहत गेलं. प्रवाळ मिटलं ते उघडलं नाही. जोडीतला एक मासा गेला, मग दुसरा. काचेवर मिठाची झालर राहिली, ती मी ओल्या फडक्यानं पुसली आणि टाकी एका ओळखीच्याला देऊन टाकली.

मागच्या महिन्यात मी परळीला गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता, फार वाळलेला. मला बघून त्यानं पाय आखडून जागा केली. मी त्याला म्हणालो की हे सगळं लिहून काढणार आहे, गावातला अंक निघतो त्यात छापणार आहे.

“आता कोण राहिलंय वाचायला,” तो म्हणाला. मग, “पण लिही. मी खोटं बोललो न्हवतो, एवढं लिही.”

मी हो म्हणालो.

“आन् जार मी आणून देत व्हतो, तेवढं लिहू नको. नातवंडं वाचतेत.”

यालाही मी हो म्हणालो. त्यानं माझा हात हातात घेतला आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

घरी आल्यावर त्याच्या म्हणण्याप्रमाणं लिहून पाहिलं. तसं लिहिलं की तो नुसता खरं बोललेला माणूस ठरतो, सभेतला तो हात कुठं दिसत नाही, आणि चोर मी एकटा उरतो. ते वाचून माझा जुना राग जसाच्या तसा वर आला. एवढ्या वयातही मला ते पेललं नाही. म्हणून जारांचा तो भाग वर तसाच ठेवला आहे. त्याला हे अजून कळवलेलं नाही.