रूथला सांगायचे राहिलेले

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला हातोहात माझ्यापाशी आला की मी तो ओठांना न लावताच शेजारणीकडे देत असे. अशी सात वर्षे गेली. मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तरीण होते. लोकांना वाटे, बाईंची प्रकृती बरी नसेल.

बोर्डिंगात असताना रूथ आणि मी एका ताटात जेवत असू. जर्मन लढाई सुरू झाली त्या वर्षी तिला अहमदनगरचे स्थळ आले. मुलाच्या आईने मला सहज विचारले, "मुलगी कशी आहे?" मी म्हणाले, "चांगली आहे, पण हिवाळाभर खोकते." रूथला खोकला कधीच नव्हता. मला तिचा हेवा वाटला होता, एवढेच. क्षयाच्या संशयाने स्थळ मोडले. रूथ कार्ल्याच्या दवाखान्यात नर्स झाली. पुढे तिला कोणी मागणी घातली नाही.

मी देवाकडे रोज क्षमा मागे, पण मन निवत नसे; म्हणूनच तो प्याला ओठांना लावायचा धीर होत नसे. अखेर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सारे सांगितले. ते म्हणाले, "देवाला सांगितलेत, बरे केलेत. पण जिचे नुकसान झाले, तिला अजून ठाऊकच नाही."

पुढच्या शनिवारी मी कार्ल्याला चालत निघाले. निम्म्या वाटेत धीर सुटला आणि मी माघारी फिरले. तोच समोरून एक बैलगाडी आली. हाकणारे म्हातारे मुसलमान शेतकरी होते.

"कुटं जायाचं व्हतं, बाई?"

"कार्ल्याला, दवाखान्यात," माझ्या तोंडून निघून गेले.

"मग उलट्या कुटं चालला? बसा. मी तितंच चाललोय, नातीचं औषध आणाया."

मला नाही म्हणता आले नाही. आजही वाटते, ते बोलावणे त्यांचे एकट्याचे नव्हते.

रूथ धुतलेल्या पट्ट्या वाळत घालत होती. मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले. तिचे हात थांबले.

"म्हणजे तू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच काही पाप असेल. रोज प्रार्थनेत मी तेच शोधत होते गं."

मी रडू लागले. तिने मला जवळ घेतले नाही. "आज तू जा," एवढेच म्हणाली.

कबूल केले की सगळे ओझे उतरेल, असे मला वाटले होते. लपवण्याचा भार तेवढा गेला. तिच्याविषयीची ओढ मात्र दुप्पट झाली. क्षमा मागणे माझ्या हाती होते, मिळणे नव्हते. ते मी प्रभूवर सोडले. आता दर महिन्याला कार्ल्याला जाते. कधी ती बोलते, कधी नुसती कामात असते. "माफ केलं" असे तिने अजून म्हटलेले नाही. गेल्या खेपेस मी निघायला उठले, तर मान वर न करता म्हणाली, "ऊन फार आहे. थोडी थांब, मग जा."

मी थांबले. त्या घटकाभरासाठी प्रभूचे आभार मानताना अजून शब्द पुरत नाहीत.