नवापूरच्या मावशींचं शवासन

शिक्षणाचा शेवटचा थेंबसुद्धा पिळून घेणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि तेही कुठल्या विद्यापीठात नव्हे, पालघरच्या योगशिक्षक वर्गात. वर्गात माझ्यासारख्या बोईसरच्या कॉलनीतल्या बायाच जास्त. मुलं शिकायला बाहेर गेली, आता दुपारचं करायचं काय, म्हणून आलेल्या. आम्ही सहा महिन्यांत सरांनी दिलं तेवढं घेतलं. नवापूरच्या मावशींनी सरांच्या पोटात होतं तेवढं सगळं बाहेर काढलं, आणि नव्हतं ते सरांना घरी जाऊन वाचून यावं लागलं.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, बोईसरजवळच्या समुद्रकाठच्या नवापूरच्या मच्छीमार आळीतल्या. सकाळी बोईसरच्या बाजारात मासळी विकायची, पाटी अर्ध्यावर आली की नळावर हातपाय धुवायचे, हाताला लिंबू चोळायचं आणि दुपारच्या एसटीनं पालघर गाठायचं. आमची ओळख एसटीतच झाली. मी मूळची साताऱ्याकडची, स्वभावानं हळू बोलणारी. माझ्या माहेरी आणि सासरीही, बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला की घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघायची. मावशी शेजारी येऊन बसल्या आणि "बाय, किलास किती वाजता हाय?" असं त्यांनी मला अगदी खाजगीत विचारलं, तेव्हा ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

बाजारातलं गिऱ्हाईक कसं, सौदा झाला तरी 'वर दोन बोंबील घाल' म्हणतं, तशा मावशी तास संपला की म्हणायच्या, "सर, वर एक घाला." आम्ही सतरंज्या गुंडाळत असायचो आणि सर बिचारे आणखी एक प्राणायाम घालायचे. तिसऱ्या आठवड्यापासून सर शहाणे झाले. ते मुद्दाम एक प्रकार मागे ठेवून शिकवायचे, म्हणजे शेवटी वर घालायला काहीतरी शिल्लक राही. मावशींच्या हे लक्षात आलं, आणि त्या दोन मागू लागल्या.

मलासनाच्या दिवशी तर कहर झाला. सरांनी अर्धा तास सूचना दिल्या, गुडघे सांभाळा, घाई करू नका, टाचा टेकल्या नाहीत तरी चालेल. आम्ही उकिडव्या बसतोय न बसतोय तोच एकेक करून मागे कलंडलो. मावशी आल्यापासून उकिडव्याच होत्या. बर्फवाल्याशी त्यांचं फोनवर सविस्तर भांडण झालं, ते मिटलं, मग पदर सावरून त्यांनी विचारलं, "सर, आसन कवा चालू करनार?"

पाठीच्या कण्याचा धडा फळ्यावरच्या चित्रावरून आमच्या डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी मावशींनी वर्तमानपत्रात गुंडाळून एका भल्या मोठ्या घोळ माशाचा काटा आणला, साबणानं स्वच्छ धुऊन, आणि तो टेबलावर मांडला. ज्यांच्या घरात लसूणसुद्धा चोरून येतो असे आमचे सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि तो तास त्यांनी तिथूनच घेतला. पण खरं सांगते, दोन मणक्यांच्या मधे काय असतं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. शेवटी सरच नाकाला रुमाल लावून म्हणाले, तो काटा जरा इकडे वळवता का, मला नीट दिसत नाहीये.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण मावशी हौसेनं आलेल्या नव्हत्या. त्यांच्या आळीत मासळी निवडून आणि पाट्या उचलून चाळिशीतच बायकांच्या कमरा जातात. त्यांच्या जावेला तर दोन वर्षं दाराची चौकट धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. गावात एकदा आठ दिवसांचं योगशिबिर झालं, त्यात मावशींची पाठ मोकळी झाली आणि शिबिरवाले निघून गेले. मावशींनी ठरवलं, हा वर्ग गावात रोज आपणच घ्यायचा. पण समाजमंदिराचा हॉल देणारी मंडळी म्हणाली, आधी शिकवायचं प्रमाणपत्र आणा. तेवढ्या एका कागदासाठी ही बाई सहा महिने अर्धी पाटी जावेच्या पोरीवर सोपवून पालघरला धावत होती.

आणि कागद अडला आवाजावर. शेवटची परीक्षा म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच बायकांचा पूर्ण तास घ्यायचा, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर. तासाच्या शेवटी शवासन. सर म्हणायचे, शवासनात शिक्षकाचा आवाज प्राजक्ताच्या फुलासारखा पडावा. मावशींचा नारळासारखा पडायचा. त्यांनी वर्गात "डोळे मिटा" म्हटलं की बाहेरच्या वॉचमनचे उघडायचे. सरांनी हात टेकले आणि स्वच्छ सांगितलं की आवाज उतरला नाही तर त्या नापास होतील.

मग मी पदर खोचला. महिनाभर रोज एसटीत मी मावशींना हळू बोलायला शिकवलं. नियम एकच, मागच्या सीटवरच्याला ऐकू जाता कामा नये. पहिला आठवडा मागची सीटच काय, अख्खी गाडी आमच्याबरोबर श्वास सोडत होती. पण बाई जिद्दीची. उतरत उतरत आवाज असा मऊ झाला की एकदा कंडक्टरनं त्यांना कुठं जायचंय ते तीनदा विचारलं. मला माझ्या लेकीचा दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये चौदा बायका, भिंतीशी जाऊबाई, कोपऱ्यात मी, आणि खुर्चीवर गुडघ्यावर कागद ठेवून परीक्षक बाई. आसनं सुरेख झाली. मग सगळ्या आडव्या झाल्या. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी शिकवला होता अगदी तसा, सायीसारखा आवाज काढला.

"डोले मिटा. सगलं सोडून द्या. कसली कालजी करू नका."

चौदाच्या चौदा बायका ताडकन उठून बसल्या. एकीनं पिशवीतून फोन काढला, दोघी अनवाणीच दाराकडे धावल्या. जाऊबाईंनी मावशींचं मनगट धरलं. "कोन गेलं? कोनाची होडी ऱ्हायली, सांग ना गो."

मला काहीच कळेना. नंतर मावशींनी सांगितलं तेव्हा उमगलं. त्यांच्या आळीत बारशापासून लग्नापर्यंत सगळं ओरडून चालतं. वाऱ्याच्या वर आवाज काढायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? हळू आवाजात माणूस फक्त एकाच कारणासाठी बोलतं, समुद्रातून कुणी परत आलं नाही हे त्याच्या घरी सांगायला. मावशींचे वडील गेले तेव्हा सांगायला आलेली बाई तशीच बोलली होती, काळजी करू नका म्हणून. आणि मी शहाणी, महिनाभर त्यांना नेमका तोच आवाज शिकवत होते; एसटीत, परक्या माणसांत, ते त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आजही आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मावशींनी जाऊबाईंच्या हातातून मनगट सोडवलं. मग उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि हॉलच्या खिडक्या थरथरल्या.

"कोन नाय गेलं! सगल्या होड्या आल्या हायत, बाप्ये जेवून घरात पडलेत. झोपा तुमी पन आता!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक हसली, मग सगळ्याच हसल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. मावशींनी त्याच पट्टीत पायाचे अंगठे सोडायला लावले, पोटऱ्या सोडायला लावल्या. कमरेपर्यंत येईतो दोघी घोरत होत्या. जाऊबाई भिंत सोडून, पाठ सपाट जमिनीला टेकून झोपल्या होत्या. दोन वर्षांत त्या उताण्या झोपल्या नव्हत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही.

परीक्षक बाईंनी हळूच विचारलं, एवढ्या आवाजात यांना झोप लागली कशी?

मावशी म्हणाल्या, "बाई, घरात कोनी वरडत असलं म्हंजे सगलं ठीक हाय."

बाईंनी मान खाली घालून कागद भरला. आवाजाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण कागद आला, आणि तो आता समाजमंदिराच्या भिंतीवर काचेत लावला आहे.

शनिवारी मी नवापूरला वर्गाला जाते. गेल्या महिन्यात मावशींचा घसा बसला होता. बसलेल्या आवाजात त्या बायकांपुढे एक शब्द बोलायला तयार नव्हत्या. खुणेनंच त्यांनी मला पुढे ढकललं. होड्या खरंच आल्यात ना, एवढं मी आधी विचारून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले. आवाज चिरकला. बायका आडव्या पडल्या पडल्या खुदखुदल्या, मागून मावशी हातानं आणखी वर, आणखी वर अशी खूण करत होत्या. तिसऱ्या वेळी जमलं.

संध्याकाळी घरी आले. मुलं पुण्याला, हे शिफ्टवरून येऊन अंधारात पडलेले. आमच्याकडे टीव्हीसुद्धा हळू असतो. मी दारातूनच मोठ्यानं म्हटलं, "आले हो मी."

हे दचकून उठून बसले. "काय झालं?"

"काही नाही," मी आणखी मोठ्यानं म्हटलं, "सगळं ठीक आहे."