नाव तेवढं ठेवा

इंटरनेटवरच्या त्या गटात सगळे मला पुरुष समजायचे आणि मी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही. खात्याच्या नावावरून काही कळण्यासारखं नव्हतं आणि चित्र होतं खेकड्याचं. त्याआधी दुसऱ्या एका गटात मी स्वतःच्या नावाने वावरले होते. तिथे काही नेमकं सांगितलं की, "ताई, तुम्हाला मुद्दा कळला नाही बहुतेक," असं उत्तर यायचं. मग तासाभराने तोच मुद्दा कुणी दादा मांडायचा आणि त्याला वाहवा मिळायची. या गटात तसं नव्हतं. इथे लोक माझ्या विनोदांची वाट बघायचे.

गट प्रोग्रामिंग करणाऱ्या मराठी माणसांचा. मी डहाणूत, मसोलीला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. नवरा बोर्डीच्या शाळेत जातो, तो संध्याकाळी परत येईपर्यंत घरात बोलायला कुणी नसतं. त्यामुळे दुपारी जेवताना डाव्या हातात फोन असायचा. भांडणं ठरलेली. कुठल्या कंपनीने फुकट दिलेलं सॉफ्टवेअर अचानक कुलपात टाकलं, कोणी कुणाचा कोड उचलला, कुठलं लायसन्स, म्हणजे कोड वापरायच्या अटी, भोळ्यांचं आणि कुठलं कजाग. दोन्ही बाजूंची माणसं वर्षानुवर्षं तेच बोलत. मी मध्येच एक ओळ टाकायचे आणि शंभर जण हसायचे. त्या हसण्याची मला सवय लागली होती, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

एक दिवस गटात एका माणसाने मोठा मजकूर टाकला. शाळेच्या अर्जासारखी मराठी, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा नुसता भुगा दिसतो. तो भुगा हा प्रोग्राम परत वाचता येईल अशा मराठीत आणायचा. त्याने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. लायसन्स अगदी सैल. वापरा, बदला, विका, फक्त माझं नाव तेवढं ठेवा. आता एका सॉफ्टवेअर कंपनीने तो आपल्या पॅकेजमध्ये घालून कार्यालयांना आणि शाळांना विकायला काढला होता, आणि नाव पुसलं होतं. त्याने विचारलं होतं, "अशा वेळी काय करावे? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे."

मी वरणभात जेवत होते. मी लिहिलं, "रस्त्याच्या कडेला चिकू लावायचा, 'या आणि खा' अशी पाटी लावायची आणि मग लोक चिकू खातात म्हणून पोलिसात जायचं."

हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या माणसाने संध्याकाळी उत्तर दिलं, "चिकू नेल्याची तक्रार नाही. पाटीवरचे नाव खरवडले आहे, ती तक्रार आहे." उत्तर चोख होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण लोक माझ्याकडे बघत होते, म्हणून मी लिहिलं, "नावच हवं होतं तर देवळाच्या पायरीवर कोरायचं, कोडमध्ये कशाला?"

हे आठ दिवस चाललं. तो रोज एकदा, सविस्तर, मुद्द्यांना क्रमांक देऊन लिहायचा. मी त्यातला एखादा शब्द उचलून ओळ टाकायचे. शेवटी वैतागून त्याने पुढच्या आवृत्तीचं लायसन्सच बदललं. आता कंपन्यांना परवानगीशिवाय वापरता येणार नव्हतं. त्यावर त्याचा प्रोग्राम वापरणारे दोन-तीन जण येऊन त्याला वाट्टेल ते बोलले. फुकट दिलं आणि मग लोभ सुटला, असं. मी चिकूच्या झाडाला मिठी मारून रडणाऱ्या माणसाचं एक चित्र काढलं. कुणीतरी त्याचं स्टिकर केलं. ते दुसऱ्या गटांतही फिरलं. तो माणूस गट सोडून गेला, आणि मी त्याला विसरून गेले.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. सासऱ्यांच्या नावात सातबारावर एक अक्षर चुकलं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला मी तलासरीला गेले. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक बाई टायपिंग करत होत्या. त्यांनी जुना नमुना उघडला, तो जुन्या फॉन्टमधला होता. त्यांनी तो स्क्रीनवरच्या एका छोट्या खिडकीत टाकला. खाली अक्षरं उमटली: "थांबा, बदलतोय."

ही खिडकी मी पाहिली होती. भांडणाच्या दिवसांत, चेष्टेला काही सापडतं का म्हणून मी तो प्रोग्राम उतरवून घेतला होता.

"हे कुठून घेतलंत?" मी विचारलं.

"घेतलं कुठलं? आमच्या सरांनी बनवलंय. इथे शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. मी त्यांच्याकडेच शिकले."

"इथे? तलासरीत?"

"मग! पाड्यावरचे आहेत, इथून पाऊण तास. पण आता नाही शिकवत. कंपनीत जातात, पलीकडे गुजरातमध्ये."

"सॉफ्टवेअर कंपनीत?"

त्या हसल्या. "नाय ओ. प्लास्टिकच्या. बादल्या, मग्गे."

मग प्रिंट निघेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. सर कंत्राटावर होते. कायम होण्यासाठी मुलाखत होती, तिथे त्यांनी आपला प्रोग्राम दाखवला. नेमका तोच प्रोग्राम शाळेने त्या कंपनीकडून आणलेल्या पॅकेजमध्ये होता, कंपनीच्या नावाने. संस्थेचे साहेब म्हणाले, हे तर तुम्ही त्यांचं चोरलंय. सरांनी सांगून पाहिलं. तर कुणीतरी इंटरनेटवरची भांडणं छापून साहेबांपुढे ठेवली. "लोकांनी लय चेष्टा केलेली सरांची. एक तो खेकडा की कोण होता, त्याने तर..." त्यांनी मान हलवली. "कायम करायचं राहिलं, कंत्राट पण गेलं. वर चोर म्हणून नाव झालं गावात."

मी प्रतिज्ञापत्र घेतलं. सही केली, पैसे दिले. खेकडा म्हणजे मी, हे मी त्यांना सांगितलं नाही.

डहाणूला परत आल्यावर मी सरांना, प्रोग्रामसोबत दिलेल्या पत्त्यावर, ईमेल पाठवली. उत्तर आलं नाही. दुसरी पाठवली. पंधरा दिवस मी स्वतःला समजावत होते की मी फक्त बोलले होते, चोरी कंपनीने केली होती, कंत्राट शाळेने संपवलं होतं. हे सगळं खरंच होतं, पण त्याने जेवण गोड लागेना. शेवटी टायपिंगवाल्या बाईंना फोन करून पत्ता घेतला. सरांची सुट्टी गुरुवारी असते असं कळलं. गुरुवारी मी रजा टाकली, एसटीने तलासरी गाठली आणि तिथून शेअरच्या इको गाडीत बसून पाड्यावर गेले.

कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात नाचणी वाळत घातलेली. ते बाजेवर बसले होते. चाळिशीचे असतील. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग होते. त्यांना वाटलं मी कुठल्या सर्वेक्षणाची आहे.

"मी खेकडा," मी म्हटलं. याहून बरं वाक्य मला सुचलं नाही. एसटीत बसून जुळवलेली सगळी वाक्यं गेली होती.

ते म्हणाले, "तुम्ही बाई आहात?"

"हो."

"मला वाटायचं कोणी मोठा माणूस असेल. मुंबईचा."

"मी डहाणूची. मसोलीत राहते."

"मसोली," ते म्हणाले. "मी डीएड डहाणूला केलं. मसोलीतून रोज जायचो."

त्यांच्या बायकोने कोरा चहा आणून दिला आणि ती दारात उभी राहिली. तिला मी कोण ते कळलं होतं की नाही, मला समजलं नाही. सरांनी विचारलं, "ती चिकूची ओळ लिहायला तुम्हाला किती वेळ लागला?"

मी खरं सांगितलं. "अर्धा मिनिट. जेवत होते."

ते उठून आत गेले आणि एक वही आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. वहीत त्यांनी गटात टाकलेल्या प्रत्येक उत्तराचा कच्चा मजकूर होता. खाडाखोड, बाण, परत लिहिलेले क्रमांक. घरात नेटवर्क येत नाही. ते वर पाण्याच्या टाकीपाशी चढून जायचे, तिथे उभं राहून वहीतलं फोनवर उतरवायचे. आठ दिवस, शाळा सुटल्यावर.

पिशवीत छापलेले कागद होते. माझ्या ओळी होत्या, खेकड्याच्या चित्रासकट. कुणीतरी लाल पेनाने खुणा केल्या होत्या. झाडाला मिठी मारणाऱ्या माणसाचं चित्र आख्ख्या पानभर छापलं होतं. फोनवर ते बोटाएवढं दिसायचं.

"साहेबांनी विचारलं, इतके शिकलेले लोक तुम्हाला हसतायत ते काय उगाच?" ते म्हणाले. "मी सांगितलं, ते लायसन्सवर हसतायत. तर साहेब म्हणाले, लायसन्स तर गाडीचं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तिथे बसणं सोपं गेलं असतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "लायसन्स मी निवडलं, ती माझी चूक धरा. पण नाव ठेवा असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"म्हणजे माझं बरोबर आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग?"

"लोक हसत होते म्हणून," मी म्हटलं.

दारातून त्यांची बायको त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मला एवढंच कळलं की ह्यांचं जेवणखाण तेव्हा बंद झालं होतं, असं ती सांगत होती. सरांनी तिला हाताने थांबवलं.

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली. "बरं" म्हणाले नाहीत, "असू दे" पण म्हणाले नाहीत. चहाचा कप उचलून आत ठेवायला गेले आणि परत आले तेव्हा, शेवटची इको चारला जाते, एवढं सांगितलं.

त्यानंतर जे करण्यासारखं होतं ते मी केलं. कंपनीचं पॅकेज मिळवून दोन्ही कोड शेजारी ठेवले. पुरावा शोधायला लागलाच नाही. सरांनी चाचणीसाठी जे शब्द घातले होते, ती त्यांच्या आसपासच्या पाड्यांची नावं होती, शुद्धलेखनाच्या एका चुकीसकट. कंपनीच्या कोडमध्ये तीच नावं, त्याच क्रमाने, तीच चूक. त्या कंपनीत कुणी ते पाडे ऐकलेही नसतील. मी सगळं मांडून कंपनीला पाठवलं, माझ्या खऱ्या नावाने. दीड महिन्याने दोन ओळी आल्या की नजरचुकीने राहून गेलं होतं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल. झाली. पॅकेजच्या आत, फोल्डरच्या आत फोल्डर, तिथल्या एका फाइलमध्ये चाळीस नावांच्या खाली सरांचं नाव आलं.

ते पत्र घेऊन मी शाळेच्या संस्थेत गेले. तिथले साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे आधी आलं असतं तर बघता आलं असतं. ती जागा भरली आता." चोरीचा शेरा काढून तसं लेखी द्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "शेरा लेखी दिलेलाच नाही, तर काढायचा कुठून?"

गटात मी सगळं लिहिलं. मी कोण, काय केलं, त्याचं काय झालं. काहींनी बदामाचं चिन्ह टाकलं. एकाने लिहिलं, "म्हणजे भाऊ बाई निघाला!" आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच गेली. संध्याकाळी कुणीतरी तेच स्टिकर खाली चिकटवलं. मी माझे जुने संदेश एकेक करून पुसले, पण स्टिकर काही माझ्या हातात नव्हतं. टायपिंगवाल्या बाईंच्या नव्या संगणकावर सरांची जुनी आवृत्ती चालेना, तेव्हा त्यांनीही कंपनीचं पॅकेज घेतलं. ते त्यांनी मला खाली बघत सांगितलं.

मी सरांना फोन केला. मागे यंत्रांचा आवाज होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने सांगावं लागलं. कंपनीने नाव घातलंय, असं मी जवळजवळ ओरडून सांगितलं.

"कुठे?"

मी फोल्डर सांगितले.

"तिथे कोण बघणार?" ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, विचारल्यासारखं.

मी म्हटलं, प्रोग्राम नव्या संगणकांवर चालेल असा मी करून देते, सगळं तुमच्याच नावावर राहील. पाड्यावर येऊन बसते हवं तर.

"नको," ते म्हणाले. "राहू दे ते आता. आणि मॅडम, एक सांगतो, राग मानू नका. फोन नका करत जाऊ. शिफ्टमध्ये उचलता येत नाही, सुपरवायझर बोलतो. आणि घरी गेल्यावर मला त्याबद्दल बोलावंसं वाटत नाही."

मी "बरं" म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी त्यांना फोन केलेला नाही.