मिठागरावरचे बाण

बाळकुमच्या गोपीनाथचा बाप मिठागरावर राबला. पुढे मिठागर बंद पडलं आणि गोपीनाथ वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याच्या नळ्या करणाऱ्या कारखान्यात लागला. तिथल्या टाकाऊ नळ्या घरी आणून तो बाण बनवायचा. दिवाळीचे नव्हेत, खऱ्या रॉकेटसारखे. टोकाला निमुळतं नाक, शेपटाशी पंख, पोटात दारू आणि उतरताना उघडणारी प्लास्टिकची छत्री. रविवारी सकाळी तो ते कोरड्या मिठागरावर घेऊन जाई, आणि लेक हेमा वायर लांबवर ओढून बॅटरीचं बटण दाबी.

गावातली पोरं जमायची. कोपरीहून त्र्यंबकराव जोशी यायचे, बँकेतून निवृत्त झालेले. पोरांना तो सूंऽऽ आवाज हवा असे आणि छत्रीमागे धावायला हवं असे. त्र्यंबकरावही धोतर सावरत त्यांच्यामागे धावत.

"पोरांचं समजलं, पन तुमाला यात काय गावतं?" गोपीनाथची बायको गोदा एकदा त्याला म्हणाली.

"आठवडाभर मशीनवर मान खाली असते गं. तो उडाला की मान आपसूक वर होते."

एकोणीसशे नव्वदच्या आसपास गोपीनाथच्या डोळ्यांनी दगा दिला. उडालेला बाण त्याला सापडेना. कुणाला कळू नये म्हणून तो अंदाजाने "लय वर गेला!" म्हणे. पण एकदा छत्री त्याच्या पाठीमागे उतरत होती आणि तो समोरच्या रिकाम्या आभाळाकडे बघून हसत होता. हेमाने ते पाहिलं. त्या दिवसापासून ती शेजारी उभी राहून सांगू लागली, "आता खाडीकडे वळला बाबा... आता छत्री उघडली, लाल."

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही. कामही सुटलं. तरी गोपीनाथने चाचपत चाचपत एक मोठा बाण केला, एकावर एक दोन नळ्या बसवलेला. पंख सरळ बसलेत का, ते तो गालाला लावून बघायचा.

तो बाण उडाला तेव्हा मिठागरावर सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"हेमा, बोल ना. कुठाय?"

हेमा डोळ्यांवर हात धरून आभाळात बाण शोधत होती. त्र्यंबकराव म्हणाले, "गोपीनाथ, इतका वर गेलाय की आता आम्हालाही दिसत नाही."

गोपीनाथचा चेहरा उजळला. मान वर करून तो तसाच उभा राहिला. क्षणभर सगळ्यांची नजर त्याच्यासारखीच झाली होती.

मग एक पोर ओरडलं, "ती बघा छत्री!" आणि सगळे धावले. त्र्यंबकराव धावले, भान विसरून हेमाही धावली. पावलांचा आवाज लांब लांब गेला. ती परतली तेव्हा बाप तिथेच उभा होता, मान अजून वरच, गाल ओले.

त्यानंतर त्याने बाण केला नाही. गोदाने विचारलं, तेव्हा म्हणाला, "जातो तेव्हा ऐकू येतो गं. खाली येतो त्याला आवाज नसतो."

सामान हेमाने घेतलं. मिठागराला कुंपण घातलं जाईपर्यंत ती पोरांना घेऊन जात राहिली. दुपारी घरी आली की ओटीवर बसलेल्या बापाला सगळं सांगायची. तो मन लावून ऐकायचा, मध्ये काही विचारायचा नाही. तिचं सांगून झालं की म्हणायचा, "ऊन फार आहे. पाणी पी आधी."