मागाच्या खटखटीचं गाणं

आमच्या बँडचं एकच गाणं गाजलं. बाकीची नव्हती असं नाही, होती की भरपूर. पण ती सुरू केली की लोक मोबाईल काढून बसायचे. गाजलं ते एकच, आणि तेही आमच्या हुशारीमुळे नाही, तर आमच्या ड्रमरच्या आईमुळे.

आम्ही तिघं. मी गाणारी, एक गिटारवाला आणि हा ड्रमर. मी रॉक गाते म्हटल्यावर सोलापुरातले नातेवाईक आईला विचारायचे, "म्हणजे ओरडते का?" आई म्हणायची, "ती घरीपण ओरडतेच की." खोटं कशाला बोला, स्वभावच तसा. गाण्यात कुणी माझी चूक काढली की मी त्याला सोडत नाही.

ड्रमरचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. खाली यंत्रमागांचा कारखाना, वर राहायला. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडिलांना तो नान्ना म्हणायचा, मग आम्हीही नान्नाच म्हणायला लागलो. ते आमच्या संगीताला 'गोंगाट' म्हणायचे. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहणाऱ्या माणसानं आम्हाला गोंगाट म्हणावं, आता काय बोलायचं!

रेकॉर्डिंगला आम्ही खंडेनवमी ठरवली. त्या दिवशी मागांची पूजा असते, सगळे माग बंद, कारखान्यात टाचणी पडली तरी ऐकू यावी. पुण्याहून ओळखीचा एकजण लॅपटॉप आणि माइक घेऊन आला. आमची वाद्यं आदल्या संध्याकाळीच तिथं ठेवली होती. सकाळी जाऊन बघतो तर काय! गिटार आणि ड्रम मागांच्या शेजारी, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बसलेले. काकूंनी, म्हणजे ड्रमरच्या आईनं, मोठ्या हौसेनं पूजा केलेली. "तुमची पण अवजारंच की ही," म्हणाल्या.

आता पूजेला मांडलेलं अवजार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं. गिटारवाल्यानं हळूच हात पुढे केला, तर काकू अशा ओरडल्या की माझं ओरडणं त्यापुढे काहीच नाही. मग काय, दिवसभर त्या नटलेल्या गिटारीकडे बघत आम्ही पोळ्या हाणल्या.

दसऱ्याला दुपारी पुणेकराची परतीची गाडी होती. सकाळी घाईघाईनं वायरी जोडल्या, आणि नान्नांनी पूजेनंतरचा पहिला, मुहूर्ताचा माग चालू केला. खटक-खट, खटक-खट.

"नान्ना, जरा थांबवा की."

"मुहूर्ताचा माग मधी थांबिवत न्हाईत."

संपला विषय. मी तणतणले, रडकुंडीला आले आणि शेवटी त्या खटखटीवरच रागारागानं गायले.

तेच गाणं इंटरनेटवर टाकलं आणि ते सुसाट सुटलं. रिक्षात तेच, जिममध्ये तेच, चिंचोळी एमआयडीसीला जाणाऱ्या बसमध्ये तेच. माझ्या आवाजाची जादू म्हणून मी मान ताठ करून फिरत होते. तर एकानं रस्त्यात गाठलं, "मॅडम, ते मागं खटखट कोण वाजवतंय ओ? लई भारी हात हाय." असा संताप आला!

खरी पंचाईत स्टेजवर झाली. तिथं माग कुठून आणायचा? कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमरनं लाकडी ठोकळे वाजवले, तर पोरं ओरडली, "खटखट पायजे!" कुंभारीला गणपतीत पत्र्याचा डबा बडवला, तो दुसऱ्याच कडव्याला चेपला. मंगळवेढ्याला आम्ही ड्रमरच्या मोबाईलमध्ये मागाचा आवाज भरून तो स्पीकरला जोडला. गाणं ऐन रंगात आणि काकूंचा फोन! ड्रमरनं गडबडीत कापायच्या ऐवजी घेतला, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं, "जेवलास का रे?" पब्लिक एका सुरात म्हणालं, "व्हय!" आमचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम तो.

पण ड्रमरच्या मनात एकच होतं. हे गाणं एकदा तरी लोकांसमोर खऱ्या मागावर वाजवायचं, आणि माग नान्नांनी चालवायचा. नान्ना उडवून लावायचे, "माग म्हंजे काय तमाशा हाय?" गाणं लावलं की उठून जायचे. पोराला तेच लागायचं. सगळं गाव ऐकतंय आणि ज्यांचा माग वाजतोय तेच ऐकत नाहीत. तो बोलून दाखवायचा नाही, पण त्याचा पडलेला चेहरा बघून मलाच वाईट वाटायचं.

यंदा नान्नांचे गुडघे अगदीच बोलायला लागले. दसरा झाला की माग भंगारात द्यायचे ठरले. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. खंडेनवमीला आम्ही वाद्यं आपणहून पूजेला नेली. काकू कुंकवाची वाटी घेऊन आल्या, तेवढ्यात नान्नांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि ड्रमला स्वतः कुंकू लावलं. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या सकाळी या. लोकं बोलवायची तर बोलवा."

दसऱ्याला कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्ली आली, जुने कामगार आले, काकू तर पहिल्या रांगेत. नान्नांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता. त्यांनी माग चालू केला आणि आम्ही त्या ठेक्यावर स्वार झालो. माझा आवाज इतका छान कधीच लागला नव्हता, मी म्हणते म्हणजे खरंच.

शेवटचा शब्द मी सोडला आणि त्याच ठोक्याला माग थांबला. नेमका. मुहूर्ताचा माग मध्ये न थांबवणाऱ्या नान्नांनी तो थांबवला होता, आणि गाणं कुठं संपतं हे आम्ही त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. ड्रमरनं मान वळवून नान्नांकडे बघितलं. सगळं पाठ होतं की यांना!

नान्नांनी मागावरून हात फिरवला. हात तिथून उचललाच नाही. मग म्हणाले, "चुकलं रे. परत घ्या."

काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ड्रमरनं डोळे पुसले.

"व्हय नान्ना," तो म्हणाला, "लई चुकलं."

जन्मात पहिल्यांदा मी माझी चूक कबूल केली आणि परत गायला लागले.