दोन काळ्या वायरी

तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला राळ टेकवली की तिचा गोडसर धूर वर चढतो आणि चैत्रातल्या तापत्या दुपारी माझ्या खोलीत बराच वेळ रेंगाळतो. खिडकीला ओला पंचा लावलेला असतो, त्यातून गाळून आलेला प्रकाश मऊ, निवलेला असतो आणि टेबलावर कुणाच्या तरी मोटारीतला मुका झालेला रेडिओ पाठ उघडी टाकून पडलेला असतो. शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी कधीच संपली. हा नाद मात्र सुटला नाही.

गेल्या आठवड्यात सुनेच्या गाडीतला रेडिओ बंद पडला. अशा वेळी मी क्रम मोडत नाही. आधी फ्यूज पाहायचा, मग गाडीच्या बॉडीला जोडलेली अर्थची वायर आणि शेवटी स्पीकर सोडवून त्याच्या दोन टोकांना घड्याळातला सेल क्षणभर टेकवायचा. स्पीकर जिवंत असेल तर त्याचा कागदी पडदा झोपेतून दचकल्यासारखा ‘कट्’ करतो. दोन्ही स्पीकर दचकले. दोष अर्थच्या गंजलेल्या स्क्रूत निघाला. तो बदलून स्पीकर पुन्हा जोडताना दोन काळ्या वायरी माझ्या चिमटीत आल्या आणि हात तिथेच थांबला.

हा क्रम मला व्यंकटेशने शिकवला होता. तो आमच्या मागच्या बोळात राहतो. तेव्हा आठवडाभर टॉवेलच्या मागावर काम आणि सुट्टीच्या दिवशी घरी रेडिओ दुरुस्ती. त्याच्यासारखा कान मी पाहिला नाही. इंजिनाबरोबर चढत जाणारी रेडिओतली शीळ ऐकून तो बोनेट उघडण्याआधीच कंडेन्सर गेल्याचे सांगे. माग सोडून गॅरेजांच्या रांगेत मोटारीच्या रेडिओंचे छोटे दुकान टाकायचे त्याने ठरवले होते. पाटीसुद्धा रंगवून घेतली होती.

त्याच दिवसांत माझ्या थोरल्या भावाने, दादांनी, गाडीसाठी नवा कॅसेटवाला रेडिओ घेतला. त्याची खरखर व्यंकटेशने आतले सांधे पुन्हा सोल्डर करून काढून दिली आणि मला बजावले, “स्पीकर मी उद्या येऊन जोडतो. तू हात लावू नको बघ, मास्तर.” मला धीर निघाला नाही. जुन्या रेडिओंत प्रत्येक स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला जाई. या नव्यात दोन्ही काळ्या वायरी स्वतंत्रपणे सेटमध्येच परत न्यायच्या होत्या. झाकणावर तसे छापलेले होते, मी वाचले नाही. हाताच्या सवयीने दोन्ही एकत्र पिळल्या आणि बॉडीच्या स्क्रूखाली दाबल्या. अर्धे गाणे स्वच्छ वाजले आणि मग कडवट धूर आला.

दादा जिना उतरत होते. त्यांच्या चपलांचा आवाज खाली पोचेपर्यंत मी त्या दोन वायरी सोडवल्या, सरळ केल्या आणि म्हणालो, “व्यंकटेशचं सोल्डरिंग कच्चं राहिलं असेल.”

दादांनी त्याच्या दारात उभे राहून, बोळातली माणसे ऐकत असताना, नको ते सुनावले. व्यंकटेशने जळका सेट उलटसुलट पाहिला आणि इतकेच म्हणाला, “झालं असंल माझ्याकडनं.” त्यानंतर त्याने मोटारीचा रेडिओ दुरुस्तीला घेतला नाही. पाटी भिंतीला पाठमोरी उभी राहिली, तो मागावरच राहिला आणि मागांच्या खडखडाटात त्याचा तो कान वर्षावर्षाने झिजत गेला. दादा असेपर्यंत मी त्यांच्या धाकाने गप्प बसलो. ते गेल्यावर गप्प बसण्याची सवय झाली होती.

सुनेची गाडी दुरुस्त झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर कोवळ्या उन्हात बसला होता.

“ये मास्तर. लई दिसांनी. मला वाटलं, गेलास की काय,” तो हसला.

मी हळू आवाजात सांगायला लागलो. वाटेत सगळी वाक्ये त्याच स्वरात जुळवली होती. त्याने कानामागे तळवा धरला. “मोठ्यानं बोल की. हितं कोण चोरून ऐकतंय?”

मग मला ओरडून सांगावे लागले. मनाच्या तळाशी इतकी वर्षे जपून दाबलेले ते वाक्य समोरच्या भिंतीवर आपटून बोळभर पसरले आणि आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

 व्यंकटेशने कारागिरासारखा प्रश्न विचारला. “दोन्ही काळ्या एकत्र? बॉडीला?”

मी होय म्हणून मान हलवली.

त्याने आपला उजवा हात उन्हात उलटा-सुलटा करून पाहिला. “मंजे सोल्डरिंगचा डाग माझा पक्काच होता,” तो म्हणाला. “कच्चा डाग मी लई शोधला रे. एकेक सांधा आठवून बघायचो मागावर हुबा राहून.”

त्याचे दुकान गेले, याचाच हिशेब मी आजवर मनात करत आलो होतो. तो स्वतःच्या बोटांवर संशय घेत म्हातारा झाला, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

ओल्या हातांनी त्याची बायको दारात आली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला भावजी म्हणते. आज काही म्हणाली नाही. व्यंकटेशने तिला पायरीवर बसायची खूण केली आणि माझ्याकडे वळला.

“हिला सांग. पहिल्यापासनं.”

तिला नीट ऐकू येत होते. तरीही मी आवाज खाली आणला नाही. पुन्हा सुरुवात केली. या खेपेला धुराच्याही आधीपासून, त्याने हात लावू नको म्हटले होते तिथून.