उपवासाच्या दिवशीची गोळी

सांधेदुखीच्या रुग्णांना गोळ्या समजावून सांगायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते आपल्याला फारच छान जमतं असा बरीच वर्षं माझा गोड समज होता. राहात्याजवळच्या आमच्या छोट्या दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही. पाकिटावरचं नाव दाखवून त्यांना काय कळणार? मग मी त्यांच्या रोजच्या जगण्यातली एखादी खूण धरते आणि गोळी तिला बांधून टाकते. डॉक्टर कौतुक करायचे. मीही चढून गेले होते.

अशीच एक मावशी शिर्डीच्या दुकानांसाठी फुलांचे हार करायची. बोटांचे सांधे सुजले, सुई धरवेना, म्हणून डॉक्टरांनी तिला एक पिवळी गोळी सुरू केली. सूज उतरवणारी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंड सोलून निघतं, माणूस दगावूही शकतो. बाकीचे सहा दिवस दुसरी गोळी, पहिलीचा त्रास कमी करणारी. मावशीचा गुरुवारचा उपवास होता; एकादशी किंवा दुसरा कुठला वार ती धरत नव्हती. मी लगेच सांगून टाकलं, "मावशी, उपवास असेल त्या दिवशी पिवळी, नसेल त्या दिवशी दुसरी. बास!" तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. चार महिने सगळं सुरळीत चाललं.

दसऱ्यानंतर ती आली ती तोंडाला पदर लावूनच. ओठ फाटलेले, जिभेवर फोड, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. मी आधी तिला मिश्रीवरून झापलं. तिनं मान हलवली. मिश्री तिनं कधीच सोडली होती. मग मी उपवासाची उष्णता म्हणाले. तिनं पिशवीतून पिवळ्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"संपत आल्यात बाई, नवं द्या."

दहातली एकच गोळी उरली होती. हे पाकीट मी तिला सर्वपित्री अमावस्येला दिलं होतं. ते दिवाळीनंतरही पुरायला हवं होतं.

"रोज घेतली की काय?"

"न्हाई वं! रोज कशाला घीन? तुमी सांगितल्यागत उपासालाच घेतली."

"मग नऊ गोळ्या गेल्या कुठं?"

"उपासालाच गेल्या की."

मला काही उलगडेना. ती खोटं बोलत नव्हती, आणि पाकीट तर समोर होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवार मोजले. पुन्हा मोजले. नातवंडांनी काढून खेळल्या असतील का, असंही विचारलं. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "अवो, नवरात्र न्हवतं का?"

मी स्वतः उठता-बसता उपवास करते, घट बसताना एक आणि उठताना एक. ती नऊच्या नऊ दिवस करते. आणि त्या नऊ दिवसांत दुसऱ्या गोळीला तिनं हातही लावला नव्हता, तोही माझ्याच सांगण्यावरून. मी खरंच घाबरले.

डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं, उतारा म्हणून इंजेक्शन सुरू केलं. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. "मावशी, ही गोळी रोज घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनची नळी उगाचच नीट करत होते.

"कुनी न्हाई. माझंच डोकं फिरलं."

ती असं का म्हणाली? मला वाचवायला, की तिला खरंच तसं वाटत होतं? आणि मी गप्प का राहिले, हे तर मला अजूनही सांगता येत नाही. ती रात्र मी तळमळून काढली आणि सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठवडाभरानं पेशी वर आल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी स्वतः तिला समजावलं, पिवळी गोळी बंद, नवी पांढरी गोळी रोज एक. तिनं सगळं ऐकून घेतलं, त्यांना हात जोडले आणि हळूहळू माझ्या टेबलाशी आली. वाकडी बोटं कशीबशी उघडून तिनं नवं पाकीट माझ्यापुढे धरलं.

"डाक्टर काय बी म्हनू द्या," ती म्हणाली. "तुमी सांगा, कवा घ्यायची?"